पाच पावत्यांचा बकरा

परदेशी सरकारी अधिकाऱ्याला लाच देणं हा घोर गुन्हा आहे, आणि गुन्हा झाला की गुन्हेगार लागतोच. तो कंपनीला परवडेल असा निवडणं, यालाच सचोटी म्हणतात. (परदेशी म्हणजे तो अधिकारी. बसला होता तो स्वतःच्याच देशात, परके आम्हीच. पण कायदा युरोपातल्या भागीदारांचा, म्हणून परदेशी तो.)

२०१४ साली ओमानमधल्या सोहारच्या आमच्या पाइप कंपनीचा माल बंदरात तीन आठवडे अडकला. मोठ्या साहेबांनी ईदनिमित्त संबंधित अधिकाऱ्याला बकरा पाठवायचं ठरवलं. नियमाप्रमाणे भेटवस्तू वीस रियालपर्यंतच हवी. बकरा शंभराचा. म्हणून पाच पावत्या झाल्या: चार पाय, आणि उरलेला बकरा. सचोटी विभागाने पाचही मंजूर केल्या. गेला मात्र तो एकाच फेरीत, कारण जिवंत होता.

फेरी केली ड्रायव्हर भिकाजीने. कणकवलीचा, एकोणीस वर्षं इथे, व्हिसा मार्चपर्यंत, लेक ज्ञानदा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याच महिन्यात कंपनीने सगळ्यांना लाचविरोधी प्रशिक्षण दिलं होतं. हजर ३१२, शेवटपर्यंत जागा १. तो भिकाजी. त्याला प्रमाणपत्र मिळालं. शिकलेलं लगेच वापरावं म्हणून त्याने गाडीच्या वहीत 'फेरीचं कारण' या रकान्यात लिहिलं: 'मोठ्या सायबांच्या हुकमान बकरो पोचवलंय, माल सुटाक व्हयो म्हणान.'

माल दुसऱ्या दिवशी सुटला. वही महिनाभराने युरोपातल्या ऑडिटरच्या हाती लागली.

चौकशी सचोटी विभागाच्या कल्पना मॅडमनी केली.

"भिकाजी, असं कोणी लिहितं का?"

"मॅडम, तुमीच सांगितलास ना, खरां लिवा म्हणान."

"अहो, खरं म्हणजे पॉलिसीतलं खरं."

"मग सायबांनी फोन केल्यानी, ता खंयच्यातलां खरां?"

"साहेब त्या दिवशी पुण्यात होते. खलास."

वहीच्या इंग्रजी भाषांतरात हुकमाचे तीन शब्द गळले (पानावर जागा नव्हती). मग कंपनीने स्वतःहून भिकाजीविरुद्ध तक्रार दिली. खटला सरळ होता. बकरा ईदला खाऊन संपलेला, तो अधिकाऱ्याकडे सापडला नाही; म्हणून त्याने लाच घेतल्याचं सिद्ध झालं नाही. भिकाजीकडेही बकरा सापडला नाही. म्हणून त्याने दिल्याचं सिद्ध झालं. प्रमाणपत्र हा जादा पुरावा: माहीत असून केलं.

भिकाजीला एक वर्ष आत, नंतर कायमचं कणकवली. ज्ञानदाचं नर्सिंग सुटलं. साहेब सचोटी समितीचे अध्यक्ष झाले. युरोपातून अभिनंदनाचं पत्र आलं, ते फ्रेम करून रिसेप्शनला लावलंय.

तुम्हाला भिकाजीची दया आली असेल. त्याचं नाव, गाव, व्हिसा, लेकीचं शिक्षण, सगळं आता तुम्हाला तोंडपाठ आहे. साहेबांचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही, आणि इथवर येईपर्यंत तुम्हालाही ते विचारावंसं वाटलेलं नाही.

सचोटी विभागात दोन जागा भरायच्या आहेत. तुमचं होऊन जाईल.