बोट ठेव नि वाच

आपांच्या छापखान्यात लग्नपत्रिका छापायची असेल तर नवऱ्या मुलीने स्वतः यावं लागतं. तिच्या आईनेही. आत्या, काकू, आजी, ज्या कुणा बाईचं नाव पत्रिकेत आहे तिने यायचं, प्रूफावर आपल्या नावावर बोट ठेवायचं आणि ते मोठ्याने वाचायचं. तोवर आपा मशीन चालू करत नाहीत.

"बोट ठेव नि वाच," एवढंच म्हणतात, आणि हाताची घडी घालून उभे राहतात.

पुरुषांना ही सक्ती नाही. का नाही, असं एकाने विचारलं तर आपा म्हणाले, "बाप्ये आपला नाव आपणच शोधतत. चष्मो घरी र्‍हवलो तरी गावता तेंका."

छापखाना मालवणजवळ कट्टा गावात आहे, बसस्टॉपच्या मागे. मी तिथे पत्रिकांच्या घड्या घालते, कोपऱ्याला हळदीकुंकू लावते, पाकिटं भरते. सात वर्षं झाली. या सात वर्षांत त्या बोटापायी काय काय झालं ते मी पाहिलं आहे. गुडघेदुखीच्या एका आजीला पायऱ्या चढवेनात, तर आपा प्रूफ घेऊन खाली रिक्षात जाऊन बसले. एका नवरीची मावशी मुंबईला होती. तिला मोबाइलवर समोर घेतलं आणि प्रूफ दाखवलं. मावशीने खरंच बोट ठेवलं, ते नेमकं फोन बंद करायच्या खुणेवर. तीन वेळा तसंच झालं. चौथ्या वेळी तिने आपलं नाव एकदाचं वाचलं आणि म्हणाली, "मेल्या, तुझी पत्रिका नको नि लगीन पण नको!" आपा म्हणाले, "वाचलंस मा? मगे झाला."

आपांचं वय सत्तरीच्या पुढे. बायको तीन वर्षांपूर्वी वारली, मुलगा पुण्याला. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक भिंग. त्या भिंगातून ते सगळ्या जगाचं प्रूफ तपासतात, आणि त्यांना चुका सापडतात त्या बहुतेक बायकांच्या नावाच्या आधी.

"ह्या बघ," ते म्हणतात, "बाप्यो जल्मापासून मरासर श्री. बाईक मात्र आधी कुमारी, मगे सौ., आणि घोव गेलो काय गं. भा. एका माणसाक तीन पाट्यो! आमच्या एस्टीकय इतक्यो नसतत."

मग सगळ्यांनाच श्री. लावावं, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक हसलं की आपा त्याला समोरच्या बाकावर बसवतात.

"श्री म्हणजे कोण?"

"लक्ष्मी."

"लक्ष्मी बाई काय बाप्यो?"

"बाई."

"मगे? तिचा नाव लावून आमी बाप्ये फिरतंव ता चलता, आणि बायलमाणसाक लावला तर तुमच्या पोटात दुखता?"

गिऱ्हाईक मान डोलावतं. पण पत्रिकेवर शेवटी सौ.च छापून जातं, कारण बोट ठेवायला आलेली बाई म्हणते, "आपानू, माका सौ.च बरा." तिथे आपा वाद घालत नाहीत. एका अक्षराने नाही. "नाव जेचा, तेना ठरवूचा," म्हणतात आणि छापतात. महिला मंडळाच्या कार्यक्रमाचं पत्रक आलं तेव्हा 'अध्यक्ष' की 'अध्यक्षा' यावरून चार बायका दुकानात भांडत होत्या. आपांनी सगळं ऐकून घेतलं, आणि जिच्याबद्दल भांडण चाललं होतं तिला विचारलं. ती बिचारी कोपऱ्यात माझ्याजवळ उभी होती. ती म्हणाली, "माका सगळी काकीच म्हणतत." पत्रकावर छापून आलं, 'अध्यक्ष: काकी'. त्या दिवशी कार्यक्रमाला गर्दी बरी झाली म्हणे.

नवऱ्या मुलांच्या वडलांना मात्र आपा सोडत नाहीत. एकदा कुडाळचे एक गृहस्थ मजकूर घेऊन आले. मुलाआधी चि., मुलीआधी चि. सौ. कां. आपांनी भिंग लावून विचारलं, "चेडवाक सौभाग्याची कांक्षा आसा, ता समाजला. तुमच्या झिलाक कसली आसा?"

गृहस्थ जरा विचारात पडले. म्हणाले, "तेका बुलेट व्हयी."

आपांना इतकं हसू आलं की भिंग खाली पडलं.

मलाही पहिल्याच आठवड्यात त्यांनी धरलं होतं. सुट्टी मागताना मी म्हटलं, "आमच्या मालकांच्या गावी जायचं आहे." आपा म्हणाले, "मालक? तू काय म्हैस गो?"

मला रडूच आलं. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नव्हतं, आणि दुसरा शब्द मला माहीत नव्हता. आपा घाबरले. त्यांनी मला चहा दिला, स्वतःची खारी बिस्किटं दिली, आणि पुष्कळ वेळाने हळूच विचारलं, "तेका काय म्हणूक तुका बरा वाटात?" मी म्हटलं, "सायलीचे बाबा." सायली माझी मुलगी. "ह्या चलात," आपा म्हणाले. सायलीचे बाबा जहाजावर कामाला म्हणून गेले त्याला तेव्हाच चार वर्षं झाली होती. पत्र नाही, फोन नाही. आता अकरा झाली. हे आपांनी मला कधी विचारलं नाही, पण कट्ट्याला सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर रेश्मा आली. कुडाळच्या कॉलेजात शिकलेली, चटपटीत. ती एक दिवस म्हणाली, "आपानू, आता नवीन पद्धत इली हा. बाई नाय, बाप्यो नाय, सगळ्यांका 'व्यक्ती' म्हणूचा."

आपा तेव्हा मशीन पुसत होते. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाले, "व्यक्ती बरी आसा. पण 'व्यक्तीनो, जेवक येवा' म्हटल्यार लग्नाक कोण येतलो? हापिसातलो शिपाय येतलो."

"मगे काय म्हणूया?"

"माणूस म्हण."

"माणूस म्हटल्यार बाप्योच डोळ्यासमोर येता."

"तुज्या येता?"

"माज्या नाय. लोकांच्या."

"लोक म्हणजे कोण? बाप्येच मा?"

आठ दिवस हा वाद चालला होता. कुणी हरलं नाही. मी घड्या घालत ऐकत होते, मध्ये बोलले नाही. पण घरी जाताना एस्टीत खिडकीशी बसून मनातल्या मनात म्हणून बघितलं, 'मी माणूस.' वाईट वाटलं नाही.

यंदा सायलीचं लग्न ठरलं. आपांनी सांगितलं, पत्रिका ते स्वतः छापणार. मजकूर घेऊन माझे थोरले दीर आले. त्यांना मी भावोजी म्हणते. माणूस वाईट नाही. अकरा वर्षं आमच्या घरावर त्यांनीच कौलं चढवली. कागदावर त्यांनी लिहून आणलं होतं: सायली अमुक यांची मुलगी, म्हणजे तिच्या बाबांचं नाव, आणि निमंत्रक म्हणून भावोजी आणि जाऊबाई. माझं नाव कुठेच नव्हतं.

मी काही विचारलं नव्हतं, तरी भावोजीच दुकानाबाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "सुमन, तुजा नाव घालूक माजी ना नाय गो. पण आधी काय लावूचा? सौ. लावलंय तर लोक इचारतले, घोव खंय? गं. भा. लावूचा तर... तो माजो भाव आसा. माज्या हातान ता लिवूचा नाय." त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, "आणि कुमारी तर तू नाय. मगे र्‍हवांदे. कित्याक लोकांच्या तोंडाक लागूचा?"

मी मान हलवली. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. माझं नाव कुठे छापून यावं असं मला कधी वाटलंच नव्हतं. एवढंच की ती मुलगी मी वाढवली होती.

दुसऱ्या दिवशी रेश्मा लवकर घरी गेली होती. आपांनी प्रूफ माझ्यासमोर ठेवलं. भावोजींच्या कागदात नव्हती ती एक ओळ त्यात वर होती. "बोट ठेव नि वाच," आपा म्हणाले.

मी ती ओळ पाहिली. तिच्यात सुमन होतं. मी हात मागे घेतला.

"आपा, ती ओळ काढा."

मला वाटलं आता श्री. आणि लक्ष्मी सुरू होईल. भावोजींचा उद्धार होईल. पण तसं झालं नाही. ते टेबलाशी गेले, खालचा खण ओढला, आणि मळक्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्यापुढे ठेवलं. बोटभर लांबीची शिशाची पट्टी वाटली. नीट पाहिलं तर बारीक बारीक खिळे होते, एकाला एक लावून सुताने बांधलेले. पूर्वी छापखान्यात असे एकेक अक्षराचे खिळे जुळवून ओळ करत. अक्षरं उलटी असतात, मला ती वाचता येईनात.

"माज्या आवशीचा नाव," आपा म्हणाले. "मालवणात मी खिळे जुळवूक होतंय. लगीन माजा, पत्रिका माजी, जुळवली पण मीच. आवशीचा नाव वर घातलंय. मामा इलो. म्हणालो, नावाआधी काय लावतलंस? बापूस जहाजार गेलो तो गेलो. आसा काय नाय, कोणाक म्हायत नाय. आवस मंगळसूत्र काडूक तयार नाय. मामा म्हणालो, काड ती ओळ. काडलंय. ह्याच हातान."

मी पट्टीकडे बघत राहिले. अक्षरांच्या आधी, सौ. किंवा गं. भा. यायचं तिथे, दोन खिळे कोरे होते.

"आणि त्या? त्यांना वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"तिका वाचूक खंय येय? पत्रिकांका हळदीकुंकू तिनाच लावल्यान, तू लावतंस तसा. लावता लावता माका इचारल्यान, 'बाबू, माजा नाव खंय छापलंस?'" आपांनी खिशातलं भिंग काढलं, पुसलं, परत ठेवलं. "मी तिचा बोट धरलंय आणि मामाच्या नावार ठेवलंय."

बाहेर मालवणची गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली.

"आवस जाईसर ती पत्रिका तिच्या पेटयेत होती. दर गणपतीक काडी, मामाच्या नावार बोट फिरवी. शेजारणीक दाखवी, 'ह्या बघ, माजा नाव.' शेजारणीकय वाचूक येय नाय, म्हणान निभावला." मग ते माझ्याकडे वळले. "आता तू सांग. नाव तुजा. काडू?"

मी चौथी शिकले आहे. चौथीतल्या मुलीला स्वतःचं नाव वाचता येतं. मी प्रूफ परत पुढे ओढलं.

"नका काढू," मी म्हटलं.

"आधी काय लावू? श्री.?"

"नको. सायलीची आई, आणि मग सुमन."

मला वाटलं त्यांना श्री. नाकारलं म्हणून राग येईल. पण ते स्वतःच कॉम्प्युटरला बसले आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत तेवढं घालून आले. दुसरं प्रूफ निघालं. मी बोट ठेवलं आणि वाचलं. आवाज निघाला नाही. आपा म्हणाले, "आयकूक नाय इला." मी परत वाचलं.

भावोजी संध्याकाळी जाऊबाईंना घेऊन आले, कारण जाऊबाईंनाही बोट ठेवायचं होतं. प्रूफ बघून ते लालच झाले. "ह्या काय? आधी सौ. नाय, काय नाय! लोक काय म्हणतले?"

"म्हणतले, सायलीची आवस," आपा म्हणाले. "दुसरी कोण आसा?"

भावोजी आणखी काही बोलणार होते, पण जाऊबाई मध्येच ओरडल्या, "अगो बाय! ह्या माजा नाव!" नेहमी त्यांचं 'सौ. व श्री.' एवढ्यावर भागायचं. आपांनी इथे त्यांचं नाव वेगळं, पुरतं घातलं होतं. त्यांनी बोट ठेवलं, वाचलं, आणि भावोजींचा हात ओढून त्यांचंही बोट तिथे ठेवलं. "वाचा," म्हणाल्या. भावोजींनी वाचलं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. कानापर्यंत लाल झाले. मग माझ्या ओळीकडे बघून हळू म्हणाले, "र्‍हवांदे तर. बरा दिसता."

पत्रिका छापून झाल्या. मी घड्या घातल्या, कुंकू लावायला बसले. रेश्मा दुपारची जेवायला गेली होती. आपा आले, हातात ती सुताने बांधलेली ओळ आणि शिक्क्याचं पॅड. माझ्यासमोर त्यांनी एक कोरं पाकीट ठेवलं, खिळे शाईवर टेकवले, आणि पाकिटावर दाबून धरले. अक्षरं थोडी वाकडी उमटली.

"माज्या भिंगाची काच फुटली हा," ते म्हणाले. भिंग खिशात होतं, आणि काच धड होती. "तू वाच."

मी कुंकवाचं बोट पदराला पुसलं. पहिल्या अक्षराखाली ठेवलं. अक्षर लावून लावून वाचलं.

"आवडाबाई."

आपा खाली बघत होते.

"परत वाच," म्हणाले.

मी परत वाचलं. या वेळी मोठ्याने.