व्याह्यांसाठी घेतलेले बूट

मंगळवारी संध्याकाळी होणाऱ्या व्याह्यांचा फोन आला, तेव्हा दर्मांतो ओसरीवर तळलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, खात बसला होता. फोनवर त्याने "हो हो, नक्की नक्की, वाट बघतो!" असं तीनतीनदा म्हटलं आणि फोन ठेवून तो भिंतीकडे बघत राहिला.

"काय झालं?" बायकोने, पार्तिनीने विचारलं. "रविवारी येत नाहीत की काय?"

"येतायत. सकाळीच येतायत."

"मग तोंड का असं पडलंय?"

"कार्तोमोसाहेब म्हणतायत, आधी दोन गेम बॅडमिंटन खेळू, मग लग्नाचं बोलू."

पार्तिनी पदराआड हसावं तशी टेंप्याच्या थाळीआड हसली. त्याला कारण होतं. मुलगी सेकार आणि कार्तोमोसाहेबांचा मुलगा बागास यांचं जमलं, बागास पहिल्यांदा घरी आला, तेव्हा बोलण्याच्या ओघात दर्मांतोने त्याला सांगितलं होतं, "मी रोज सकाळी खेळतो बरं का!" सालातिगा गावातल्या त्या गल्लीत बॅडमिंटन खेळत नाही असं सांगणारा पुरुष सापडणं कठीणच. पण खरं म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयातला हेडक्लार्क दर्मांतो रोज सकाळी कोर्टाच्या कडेला बाकावर बसून लवंगेची सिगारेट ओढायचा आणि दुसऱ्यांचे गुण मोजायचा. खेळाडू कमी पडला तरच उतरायचा, तेही रबरी चपला घालून.

रात्री जेवताना सेकारने फोनमधला एक फोटो दाखवला. कार्तोमोसाहेब हातात भलामोठा चषक घेऊन उभे होते. अंगात पांढरा शर्ट, पायांत पांढरेशुभ्र बूट.

"बाबा, ते जिल्ह्याच्या स्पर्धेत होते म्हणे," सेकार म्हणाली.

दर्मांतोची नजर चषकावरून घसरली आणि बुटांवर थांबली. खेळ चार दिवसांत सुधारणार नव्हता. बूट मात्र विकत मिळत होते.

"चपला बऱ्या आहेत की तुमच्या," पार्तिनी म्हणाली.

"व्याह्यासमोर चपला घालून उतरू? उद्या म्हणतील, मुलीच्या बापाला बूट परवडत नाहीत."

दुसऱ्या दिवशी तो कार्यालयातून थेट बाजारात गेला. दुकानातल्या मुलीने अदबीने विचारलं, "काका, हॉलमध्ये खेळता की बाहेर?"

आता खरं उत्तर अगदी सोपं होतं. त्यांचं कोर्ट म्हणजे गल्लीच्या सभागृहामागचा सिमेंटचा चौथरा. एका अंगाला आंब्याचं झाड, दुसऱ्या अंगाला कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. पण शेजारी एक तरणाबांड पोरगा बूट घालून बघत होता, आणि त्याने दर्मांतोच्या पोटाकडे एकदा पाहिलं.

"हॉलमध्ये," दर्मांतो म्हणाला. "म्हणजे काय, हॉलमध्येच!"

मुलीने मऊ रबरी तळाचे बूट काढले. लाकडी फरशीवर हे असे चिकटतात, की पाय जागचा हलत नाही, असं तिने सांगितलं. दर्मांतोने 'चिकटतात' एवढंच ऐकलं.

शनिवारी सकाळी तालीम झाली. ऑगस्ट महिना, तिथला पावसाळा वर्षाअखेरचा, त्यामुळे पावसाचा थेंब नाही, सिमेंटवर पिठासारखी बारीक धूळ. दर्मांतो ऐटीत कोर्टावर आला, शटल उंच उडालं, तो मागे धावला, थांबायला गेला आणि थांबलाच नाही. बूट साबणाच्या वडीसारखे निघाले. तो तसाच सरकत वाळत घातलेल्या चादरींत शिरला, आणि पलीकडून बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर कुणाच्या तरी उशीचा अभ्रा होता.

"वा! नवरीचा बाप की नवरी?" जाळीपलीकडून बेजो ओरडला. बेजो शेजारी राहायचा, रेडिओ दुरुस्त करायचा आणि न विचारता सल्ला द्यायचा.

"कोर्टच घाण आहे," दर्मांतो अभ्रा काढत म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" दोरीवरून आपल्या चादरी सोडवत पार्तिनी म्हणाली. "आणि हे धुवायचं परत कुणी?"

बेजोने बूट हातात घेतला, तळ पाहिला, वास घेतला. "भाऊ, हा हॉलचा बूट आहे. धूळ बसली की मेला. पळायचे बूट घाल."

पळायचे बूट बागासचे होते, मागच्या खेपेला विसरलेले. टाच उंच, जाड आणि लोण्यासारखी मऊ. सरळ धावताना दर्मांतोला वाटलं आपण ढगावर आहोत. आडवा वळला तेव्हा घोटा एकीकडे गेला आणि तो दुसरीकडे.

"मग अनवाणी खेळ," बेजो म्हणाला. "आपले बापजादे अनवाणीच खेळले."

अनवाणी तो खरंच बरा खेळला. पण तोवर ऊन वर आलं होतं आणि सिमेंटचा तवा झाला होता. बापजाद्यांचे तळवे त्याला वारसाहक्काने मिळाले नव्हते. थोड्याच वेळात तो एकेक पाय उचलत आंब्याच्या सावलीत पळाला. डाव्या अंगठ्याखाली टपोरा फोड आला होता.

"चपला," पार्तिनी लांबूनच म्हणाली.

"तू गप गं!"

मग बेजोला शेवटचा आणि सगळ्यांत मोठा उपाय सुचला. "हॉलमध्ये खेळाडू ओल्या फडक्यावर बूट पुसतात, पाहिलंयस ना? पकड येते. पाणी वाळून जातं. पाण्याऐवजी चिकट काहीतरी लाव. ताडगुळाचा पाक!"

दर्मांतोला हे पटलं. यावरून त्याच्या मनाची अवस्था कळावी. पार्तिनीने पाहुण्यांच्या गोडासाठी पाक करून ठेवला होता. ती न्हायला गेल्याचं बघून त्याने वाटीभर काढला, ब्रशने नव्या बुटांच्या तळाला दोन हात दिले आणि ओसरीच्या फरशीवर चालून पाहिलं. चर्र, चर्र! पाय उचलायला जोर लावावा लागत होता. फोडावर बूट घासला जाऊ नये म्हणून त्याने दोन्ही बुटांत कापूसही कोंबला. हात चिकट होते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. समाधानाने बूट ओसरीच्या कोपऱ्यात वाळत ठेवून तो आत गेला.

रविवारी पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले. कार्तोमोसाहेब उंच, भारदस्त, मोजकं बोलणारे. बायको मुल्यानी मात्र बोलकी. उंबऱ्यातच तिने पार्तिनीचे हात धरले, "अगंबाई, किती गार हवा हो तुमच्याकडे!" कार्तोमोसाहेबांच्या खांद्याला रॅकेटची पिशवी होती, पायांत फोटोतल्यासारखेच पांढरे बूट.

"काय दर्मांतोसाहेब, उतरायचं ना?"

"म्हणजे काय!" दर्मांतो म्हणाला आणि गडबडीत बुटांत पाय घालून, नाड्या करकचून बांधून कोर्टाकडे निघाला.

कोर्टाच्या कडेला निम्मी गल्ली जमली होती. पहिलं शटल दर्मांतोने जेमतेम परत केलं. दुसऱ्याच्या वेळी उजव्या पायाच्या करंगळीला कुणीतरी तापलेली सुई टोचली. तो ताडकन उडाला. रॅकेट हवेत फिरली, शटल रॅकेटवर आपटलं आणि कार्तोमोसाहेबांच्या डोक्यावरून कोपऱ्यात जाऊन पडलं.

"वाहवा!" गल्ली ओरडली.

मग दुसरी सुई टोचली, मग चार, मग मोजदाद राहिली नाही. ओसरीतल्या लाल मुंग्या रात्रीपासून बुटांतल्या कापसात मुक्कामाला होत्या. दर्मांतो डावीकडे उडाला, उजवीकडे उडाला, एका पायावर गिरकी घेतली. काही फटके हुकले, पण तीन असे बसले की बेजोने आनंदाने टोपी उडवली. व्याह्यासमोर बूट काढून मुंग्या झटकायच्या, की मुलीच्या सुखासाठी सोसायचं? दर्मांतोने दात खाऊन सोसायचं ठरवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाय काय हलतात हो यांचे!" मुल्यानी कौतुकाने म्हणाली.

"इतके हलताना मीसुद्धा कधी पाहिले नाहीत," पार्तिनी म्हणाली आणि डोळे बारीक करून बघू लागली.

कार्तोमोसाहेब घामाघूम झाले होते. पुढचं शटल घ्यायला ते धावले, धुळीवरून त्यांचे पांढरे बूट सटकले, आणि सगळा भारदस्तपणा घेऊन ते धपकन कोर्टाच्या मधोमध बसले. दर्मांतो जाळीखालून वाकून त्यांच्याकडे धावला. बुटांच्या तळाला चिकटलेली आंब्याची पानं सपसप वाजत होती. आणि तिथे पोचल्यावर त्याचा धीर संपला. तोही त्यांच्यासमोर बसला, नाड्या तोडल्यासारख्या सोडल्या आणि दोन्ही बूट भिरकावून दिले.

कार्तोमोसाहेब त्याच्या पायांकडे बघत राहिले. पाय भोपळ्यासारखे सुजले होते आणि वर मुंग्यांची रांग चालली होती.

"हे... हे काय?"

"पाक," दर्मांतो हुंदका दिल्यासारखा म्हणाला. "साहेब, मी रोज खेळत नाही. मी रोज बाकावर बसतो. बागासला मी थाप मारली."

कार्तोमोसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तो चषक माझा नाही."

"आँ?"

"मी त्या स्पर्धेचा चिटणीस होतो. चहापाण्याची व्यवस्था माझ्याकडे होती. विजेता लघवीला गेला, तेव्हा चषक मला धरायला दिला आणि कुणीतरी फोटो काढला. मुलगा लहानपणापासून तो फोटो सगळ्यांना दाखवतो. कोणत्या तोंडाने सांगू?" त्यांनी कंबर चोळली. "तुम्ही रोज खेळता हे ऐकून मीच ऐटीत खेळू म्हणालो आणि मग रात्रभर झोपलो नाही. हे बूटही गुरुवारचेच आहेत."

आधी दर्मांतो हसला, मग कार्तोमोसाहेब. आणि एकदा सुरू झाल्यावर दोघांनाही थांबता येईना.

"पडल्यामुळे डोक्यावर परिणाम झाला का हो?" मुल्यानीने काळजीने विचारलं.

"नाही वहिनी," बेजो म्हणाला, "सोयरीक जुळली."

पार्तिनीने ओसरीत एक मोठी परात आणली, गरम पाण्यात मीठ टाकलं. मग पाकाची रिकामी वाटी दर्मांतोसमोर नेऊन ठेवली. परातीत दर्मांतोने पाय घातले. थोड्या वेळाने कार्तोमोसाहेबांनीही मोजे काढले आणि आपले पाय त्याच परातीत सोडले. समोर आल्याचा वाफाळता काढा आला.

कोर्ट रिकामं होतं, शटल नवं होतं. मुल्यानीने सहज रॅकेट उचलली. पलीकडे पार्तिनी उभी राहिली. दोघींच्या पायांत काय आहे ते कुणी पाहिलंच नाही, कारण शटल खाली पडतच नव्हतं.

"डिसेंबर कसा वाटतो, विहीणबाई?" टप्प.

"भर पावसात? मांडव वाहून जाईल की!" टप्प.

"मग ईदनंतर? दोघांचे जन्मवारही जुळतात." टप्प.

"चालेल. पण पंगत घरची, बाहेरची नको." टप्प.

"गोडाचं मी बघते!"

ओसरीत दोघे पुरुष काढा पीत ऐकत होते.

"तारीख ठरली वाटतं," कार्तोमोसाहेब म्हणाले.

"जेवणही ठरलं."

"आपल्याला काही विचारतील का हो?"

दर्मांतोने पाण्यात बोटं हलवली. "विचारतील ना. वेळ आली की."

तेवढ्यात पार्तिनीने एक फटका असा लगावला, की शटल आंब्याच्या शेंड्यात जाऊन अडकलं. दोघींनी वर पाहिलं, मग एकमेकींकडे, मग ओसरीकडे.

"अहो!" दोघींनी एकाच सुरात हाक मारली.

दोन्ही व्याही एकदमच परातीतून उठले आणि ओल्या अनवाणी पायांनी, लगबगीने, बांबू शोधायला निघाले.