मागून पळणारा

हप्तेवाला सकाळी सहाला दारात येऊन उभा राहिला तेव्हा मास्तरांच्या तोंडात ब्रश होता. आत जाऊन थुंकावं तर हा माणूस घरात शिरेल अशी भीती, आणि तोंड भरलेलं असताना बोलायचं कसं हा प्रश्न. शेवटी त्यांनी सगळा फेस गिळून टाकला.

“काका, चिरंजीव उठले का?”

मास्तरांनी मान हलवली. ती ‘हो’ची होती की ‘नाही’ची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

हप्तेवाला म्हणजे चिरंजीवांच्या शिक्षणाला कर्ज देणाऱ्या संस्थेचा वसुलीचा माणूस. वयाने चिरंजीवांएवढाच, अंगाने काटकुळा, आणि खांद्याला कायम एक फुगलेली बॅग. एरवी तो महिन्यातून एकदा संध्याकाळी यायचा, पाणी प्यायचा, दमदाटी करायची म्हणून थोडी करायचा आणि जायचा. पण चिरंजीव सैन्यात भरती व्हायचं म्हणतायत हे कानावर पडल्यापासून तो रोज सकाळी हजर होऊ लागला होता.

“धावायचा सराव हवा ना, काका! एकट्याला कंटाळा येतो. मी आहे की मागे.”

“तुम्हाला काय पडलंय एवढं?” मास्तरांनी धीर करून विचारलं.

“माझ्या भागातलं सगळ्यात मोठं कर्ज तुमचं. हे नोकरीला लागले आणि हप्ते सुरू झाले, तर साहेब मला कायम करतील म्हणालेत. आता तुमचा मुलगा तो माझा भाऊच समजा.”

तेवढ्यात चिरंजीव बुटाची नाडी बांधत बाहेर आले. चेहरा असा, की कुणी दाढ काढायला नेतंय.

चिरंजीवांपुढे दोन वाटा होत्या. एक, फ्रिजच्या दुकानात बिलं करायची नोकरी. ती आजही मिळत होती, पण पगारातून हप्ता गेला की बसच्या पासापुरतेही पैसे उरत नव्हते. दुसरी, सैन्य. पगार चांगला, राहणं-खाणं तिथलंच, हप्ता बिनबोभाट फिटणार. कागदावर पाहिलं तर प्रश्न सुटलेला होता. मास्तर कागदावर पाहत नव्हते, मुलाकडे पाहत होते. दारावरची बेल वाजली तरी दचकून हातातला कप सांडणारा हा मुलगा. आई गेल्यापासून घरात दोघंच. त्यातला एक बंदूक घेऊन कुठल्या तरी डोंगरावर उभा राहिला, तर दुसऱ्याने संध्याकाळी दिवा कुणासाठी लावायचा?

मास्तर स्वभावानेच भित्रे. त्यात धंदा गाडी शिकवण्याचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या बाजूच्या ब्रेकवर उजवा पाय तयार ठेवायचा, यातच त्यांचा जन्म गेला होता. पाय घरीसुद्धा ऐकायचा नाही. चिरंजीव पहिल्यांदा “भरती” म्हणाले, तेव्हा मास्तरांनी जेवणाच्या टेबलाखाली पाय इतक्या जोरात दाबला की चप्पल तुटली.

मुलाला एकटं सोडायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. त्या वेळी त्यांच्याकडे एकच शिकाऊ होत्या, सिस्टरबाई. आयुष्यभर दवाखान्यात लोकांना सुया टोचून नुकत्याच निवृत्त झालेल्या. मास्तरांनी त्यांची शिकवणी सकाळी सहाची करून टाकली. मग रोज रस्त्यावर एक मिरवणूक निघू लागली. पुढे चिरंजीव, त्यांच्या मागे बॅग सांभाळत हप्तेवाला, आणि त्याच्या मागे पहिल्या गिअरमध्ये गुरगुरणारी शिकवणीची गाडी.

“पळा, साहेब, पळा!” हप्तेवाला ओरडायचा. “व्याज थांबत नाही, तुम्ही कशाला थांबता?”

वळणावर दुधाच्या दुकानापाशी एक कुत्रं बसलेलं असायचं. पहिल्या दिवशी ते नुसतं बघत राहिलं. दुसऱ्या दिवसापासून तेही सामील झालं.

“मास्तर, दुसरा गिअर कधी शिकवणार?” सिस्टरबाई विचारायच्या.

“पहिला पक्का होऊ द्या.”

“तीन आठवडे पहिलाच चाललाय. त्या कुत्र्यानं सुद्धा आपल्याला मागं टाकलं.”

“सावकाश घ्या. पोराच्या अगदी मागं राहा. तो पडला तर…”

“तो पडला तर आपण त्याच्या अंगावर जाऊ. त्यापेक्षा मला सांगा, तुम्ही त्याला सरळ विचारलंत का, बाबा रे तुला जायचंय का?”

“विचारलं आणि हो म्हणाला तर?”

“आणि नाही म्हणाला तर?”

मास्तरांनी याचा विचार केला. नाही म्हणाला तर फ्रिजचं दुकान, थकलेले हप्ते, आणि पुढची दहा-बारा वर्षं दारात हा बॅगवाला.

“म्हणून तर विचारत नाही,” ते म्हणाले.

विचारण्याऐवजी त्यांनी एक युक्ती केली. सैन्यात जाडी माणसं घेत नाहीत, असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी चिरंजीवांना सकाळी चार अंडी, दुपारी दूध, रात्री पुन्हा अंडी असा मारा सुरू केला. चिरंजीव निमूटपणे खात राहिले. पंधरा दिवसांनी हप्तेवाल्याने त्यांना औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं आणि आनंदाने टाळीच वाजवली.

“काका, मानलं तुम्हाला! यांचं वजन कमी भरत होतं, मी काळजीतच होतो. आता बरोब्बर बसलं!”

मास्तर घरी आले आणि उरलेली अंडी त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकली.

भरतीचा दिवस उजाडला. मास्तरांनी किल्ली सिस्टरबाईंच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसले. मागच्या सीटवर चिरंजीव आणि हप्तेवाला. वाटेत हप्तेवाला एकदा म्हणाला, “पहिल्या फेरीत दमू नका. मी दोरीच्या बाहेरून पळतो तुमच्याबरोबर.”

मैदान पोरांनी फुललं होतं. चुन्याच्या रेघा, बाजूने बांधलेली दोरी, टेबलामागे बसलेले गणवेशातले अधिकारी. वीस-वीस जणांचे गट करून पळवत होते. मास्तर आणि सिस्टरबाई दोरीपाशी गाडीतच बसून राहिले. चिरंजीव छातीवर नंबर लावून उभे राहिले तेव्हा ते मास्तरांना एकदम लहान वाटले. शाळेच्या पहिल्या दिवशी असेच उभे होते. त्या दिवशी त्यांची आई म्हणाली होती, “तुम्ही मागं वळून बघू नका, नाहीतर दोघंही रडाल.” आज ते सांगायलाही कुणी नव्हतं.

शिट्टी झाली. पोरं सुटली. आत चिरंजीव, दोरीच्या बाहेर बॅगेसकट हप्तेवाला.

“पळा, साहेब! मी आलोच मागून!”

आणि चिरंजीव पळाले. महिनाभर मागे हप्तेवाला, कुत्रं आणि गाडी घेऊन पळालेला माणूस तो. दुसऱ्या फेरीला ते चौथे होते. हा निवडला जाणार! त्यांना गाडीत बसवेना. दार उघडून ते उतरले आणि दोरीकडे धावले.

इतक्या वर्षांत मास्तर चालू गाडीतून शिकाऊ माणसाला एकटं टाकून कधी उतरले नव्हते. ती गाडी चालू आहे, गिअरमध्ये आहे आणि सिस्टरबाईंनी फक्त क्लच दाबून धरलाय, हे त्यांच्या डोक्यातूनच गेलं होतं. सिस्टरबाईंनी वळून पाहिलं. शेजारची जागा रिकामी. त्या इतक्या दचकल्या की त्यांचा पाय क्लचवरून उठला.

गाडीने एक गचका खाल्ला आणि ती निघाली. पहिल्या गिअरमध्ये, महिनाभर गिरवलेल्या त्याच संथ चालीने तिने दोरी पोटाशी घेतली, दोरीचे दोन खांब उपटले आणि मैदानात प्रवेश केला.

“मास्तर!” सिस्टरबाई ओरडल्या. “मास्तर, तुमचा ब्रेक!”

मास्तरांनी आहे तिथेच जमिनीवर पाय दाबला. दाबतच राहिले. अधिकारी शिट्ट्या फुंकू लागले, पळणारी पोरं दोन्हीकडे पांगली. गाडी टेबलाच्या दिशेने निघाली होती. अधिकाऱ्यांनी आधी कागद उचलले, मग खुर्च्या, मग स्वतः बाजूला झाले.

तेव्हा चौथ्या नंबरचा एक मुलगा रेघ ओलांडून वळला. चिरंजीवांनी गाडी गाठली, डावं दार उघडून आत उडी घेतली आणि बापाच्या जागेवर बसून बापाच्या ब्रेकवर पाय दिला. गाडी टेबलाला नाक लावून थांबली. टेबलावरची पाण्याची बाटली हलली, पण पडली नाही.

“गाडी कुणाची?” मोठ्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

मास्तर पुढे झाले. बोबडी वळलेली. “माझी… म्हणजे, साहेब, शिकवणीची. बाई नवीन आहेत.”

“शिकवतं कोण?”

“मीच.”

अधिकाऱ्यांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग चिरंजीवांकडे वळून म्हणाले, “शाबास. पण तू रेघ सोडलीस. नियम म्हणजे नियम. बाद.”

मास्तरांच्या छातीवरचा दगड उतरला, आणि लगेच त्या जागी दुसरा येऊन बसला. मुलाचं नशीब आपण गाडीखाली घातलं, हे त्यांना आता कळत होतं. मुलाच्या तोंडाकडे बघायची त्यांची हिंमत होईना.

तोच मैदानाच्या पलीकडून कुणीतरी एकटाच धावत येताना दिसला. हप्तेवाला. मागे काय गोंधळ झाला याचा त्याला पत्ताच नव्हता. त्याने मान खाली घालून सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या होत्या आणि चिरंजीव कुठे दिसत नाहीत म्हणून तो भांबावला होता.

“नंबर कुठंय तुझा?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“मी भरतीतला नाही, साहेब. वसुलीतला.”

“ही बॅग घेऊन पळालास?”

“रोजची सवय आहे.”

“आहे काय तिच्यात?”

“थकलेल्या लोकांचे कागद. आणि माझी सर्टिफिकिटं. दुपारी दुसरीकडे मुलाखती देतो, म्हणून जवळ ठेवतो.”

“वय?”

त्याने वय सांगितलं. अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “पुढच्या गटात उभा राहतोस? बॅग ठेवून पळ.”

हप्तेवाल्याने बॅग चिरंजीवांच्या हातात दिली. बॅगेशिवाय तो काय पळाला! बाकीचे त्याच्या नंतर कधी तरी पोहोचले.

घरी परतताना मास्तर मागे मुलाशेजारी बसले.

“चुकलं रे माझं,” ते म्हणाले. “तुला जायचं होतं का?”

चिरंजीवांनी विचार केला. “माहीत नाही, बाबा. पळत होतो तोवर विचार करायला वेळच नव्हता.”

“मीही आज दुसरा गिअर टाकून बघते,” पुढून सिस्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी टाकला.

हप्तेवाला महिन्याभरात प्रशिक्षणाला गेला. जाण्याआधी त्याने संस्थेच्या साहेबांकडे आपल्या जागेसाठी चिरंजीवांचं नाव सुचवलं. “कर्जदार काय काय सबबी सांगतात हे यांना पक्कं ठाऊक आहे,” तो म्हणाला. “सगळ्या माझ्यावरच वापरल्यात.” पगार फ्रिजच्या दुकानापेक्षा बरा होता आणि हप्ता परस्पर कापला जाणार होता. संध्याकाळी मुलगा घरी. मास्तरांना याहून जास्त काही नको होतं.

पहिल्या दिवशी चिरंजीवांना लोकांची दारं वाजवायची भीती वाटली, म्हणून मास्तर त्यांना गाडीतून घेऊन गेले. साहेबांनी सांगितलेलं पहिलं घर एका गल्लीच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर होतं. दोघं जिना चढले. दार कुणी वाजवायचं यावर थोडा वेळ गेला. शेवटी मास्तरांनी वाजवलं.

एका वयस्कर बाईंनी दार उघडलं. चिरंजीवांच्या खांद्यावरची बॅग पाहून त्यांचे डोळे भरून आले.

“माझ्या मुलाची बॅग! म्हणजे तुम्हीच का ते? ज्यांच्या मागं तो रोज पळायचा?”

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. हप्तेवाल्यानेही शिकायला कर्ज काढलं होतं, आणि तेही याच संस्थेकडून, हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. कामावर होता तोवर हप्ता पगारातून जायचा. काम सुटलं, सैन्यातला पगार अजून सुरू व्हायचा होता, आणि मधले हप्ते थकले होते.

“बसा ना,” बाई म्हणाल्या. “घरात कुणी आलं की बरं वाटतं. अजून दोघांचंच शिजवते मी. हाताला कळत नाही.”

मास्तर खुर्चीत बसले. हाताला कळायला किती दिवस लागतात, हे त्यांना माहीत होतं.

“तिकडं त्याला फार पळवत नसतील ना हो?” बाईंनी विचारलं. “पाठवतील का कुठं लांब?”

आपला मुलगा शेजारी बसलेला, आणि या बाई आपल्याला हे विचारतायत. मास्तरांना मान वर करवेना.

“नाही हो, ताई,” ते म्हणाले. “आणि पळण्यात त्याला कोण हरवणार?”

बाईंनी डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेल्या. तेवढ्यात चिरंजीवांचा फोन वाजला. ते उडालेच. साहेबांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

“काय, पहिलं घर झालं का? किती दिले?”

चिरंजीवांनी वडिलांकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं. “साहेब… इथं… इथं दाराला कुलूप आहे.”

“अहो, साखर किती घालू?” आतून आवाज आला.

“कोण बोललं ते?” साहेब गरजले.

चिरंजीवांचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तरांनी हात पुढे करून फोन घेतला.

“शेजारीण आहे, साहेब. आम्ही कुलपासमोर ताटकळलोय म्हणून चहा विचारतेय. घरचे लांब गेलेत म्हणे. पुढच्या महिन्यात बघू.”

त्यांनी फोन बंद केला. मग ते आत ऐकू जाईल असं म्हणाले,

“दोन-दोन चमचे घाला, ताई. आणि सावकाश होऊ द्या. आम्हाला घाई नाही.”