पाटीवाल्यांनी दाखवलेलं शहर

"तासाभराचं तर काम! चढ नाही, उतार नाही. डोळे मिटून नेतो सगळ्यांना!" असं पाटीवाल्यांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं, आणि त्यांच्या बायकोनं पाण्याची मोठी बाटली भरून घेतली.

पाटीवाल्यांची उभी हयात नगरपालिकेच्या रंगकाम खात्यात रस्त्यांच्या पाट्या रंगवण्यात गेली होती. दगडी पूल, जुनी टाकसाळ, तांबटांची गल्ली, घड्याळाचा मनोरा, शहरात ज्याला म्हणून नाव होतं ते ह्यांच्या ब्रशातून उतरलेलं. त्या पाट्या खांबांवर ठोकायला दुसरी माणसं असत आणि हे कामावरून थेट घरी येत, एवढं मात्र ते कुणाला सांगत नसत.

आजच्या फेरफटक्यावर सगळंच अवलंबून होतं. मुलगा आणि सून ह्या म्हाताऱ्या नवरा-बायकोला आपल्या शहरात न्यायला आले होते, तेही कायमचं. बाबांना आता एकट्यानं बाहेर फिरणं झेपत नाही, असं मुलाचं म्हणणं. मागे एकदा ते डॉक्टरकडे म्हणून निघाले होते आणि गुरांच्या दवाखान्यात रांग धरून बसले होते, हे त्याला कुणीतरी कळवलं होतं. मुलाच्या बाराव्या मजल्यावरच्या घरात जायची पाटीवाल्यांची मुळीच इच्छा नव्हती.

"पुलापासून मनोऱ्यापर्यंत जुना भाग दाखवतो," ते मुलाला म्हणाले. "वाटेत एकदा जरी कुणाला रस्ता विचारला, तरी उद्या सामान बांधतो! मग तर झालं?"

"झालं," मुलगा म्हणाला.

पूल सापडला. पूल नदीवर असतो, त्यामुळे तो सापडायला फारसं डोकं लागत नाही. पुढच्या चौकात नगरपालिकेची नवी निळी पाटी होती. सुनेनं ती वाचायला तोंड उघडलं, तोच पाटीवाले कडाडले, "ती वाचू नकोस! यंत्रानं छापलेली अक्षरं ती! मोठ्या रस्त्यांना लावलीत दिखाव्याला. आतल्या भागात अजून माझ्याच पाट्या आहेत. माझं अक्षर कधी खोटं बोलत नाही!"

आणि खरंच, दोन गल्ल्या आत गेल्यावर ती दिसली. 'जुनी टाकसाळ', शेजारी ठसठशीत बाण! पाटीवाल्यांचा ऊर भरून आला. बाणाच्या दिशेनं सगळे एका फाटकातून आत शिरले.

"ही आपली टाकसाळ!" त्यांनी दोन्ही हात पसरले. "ह्याच अंगणात एके काळी नाणी..."

"कुणाच्या चादरी न्यायच्यात?" दोरीवरच्या ओल्या पडद्याआडून एक बाई विचारत होती. अंगणभर चादरी, अभ्रे आणि कुणाची तरी प्रचंड विजार वाळत होती.

"बाबा, ही लाँड्री आहे," मुलगा म्हणाला.

"टाकसाळीची लाँड्री केली असेल मेल्यांनी! कुणाला इतिहासाची चाड राहिली आहे का? चला!"

पुढे एका केशकर्तनालयाच्या फळीवर 'घड्याळाचा मनोरा' ही त्यांचीच पाटी उलटी ठोकलेली दिसली. पाटीवाले मान तिरकी करून वाचू लागले, तर दाढी करून घेणारं गिऱ्हाईक घाबरून उठलं. पाटी उलटी म्हणजे बाणही उलटा, असा त्यांनी चोख हिशेब केला आणि सगळ्यांना डावीकडे वळवलं. डावीकडून पुन्हा डावीकडे, तिथून उजवीकडे, आणि समोर तीच प्रचंड विजार!

"अहो, इतक्यात नाही वाळत!" लाँड्रीवाली ओरडली.

सुनेच्या चपलेचा अंगठा तुटला. मुलाचा चेहरा लाल झाला. "बाबा, विचारू का कुणाला?"

"खबरदार!" पाटीवाले म्हणाले. पण आता प्रत्येक गल्ली अनोळखी होती आणि प्रत्येक अक्षर ओळखीचं. असला घाम त्यांना जन्मात फुटला नव्हता.

तेवढ्यात देव पावला! एका दारावर त्यांच्याच हातचं, निळ्यावर पांढरं: 'संग्रहालय. प्रवेश येथून.' पाटीवाले दार ढकलून आत घुसले. आत अंधार, जुना पलंग, कोपऱ्यात मोडकी शिवणयंत्रं आणि आरामखुर्चीत हातात काठी धरून बसलेला एक म्हातारा.

"बघा!" पाटीवाल्यांचा आवाज परत आला. "जुन्या काळातली खोली, जशीच्या तशी राखलीय! आणि हा पुतळा बघा. मेणाचा असतो हा. हुबेहूब! नाकातले केससुद्धा सोडलेले नाहीत!"

सून जवळ वाकून पाहायला लागली.

"कोण आलंय रे?" पुतळा म्हणाला. "आलाच आहात तर पंखा लावा."

सून किंचाळली. आतून एक माणूस हातात घास घेऊन धावत आला. पुढची काही मिनिटं माफी मागण्यात गेली. माणूस भला होता. पाटीची गोष्ट निघाली तेव्हा तो हसायलाच लागला.

"ह्या पाट्या होय? नगरपालिकेनं भंगारात काढल्या की सगळ्या! आख्ख्या वस्तीनं उचलून नेल्या. कुणी फाटकाला लावली, कुणी फळी केली. लाकूड कसं सागवानी! आणि अक्षर काय सुंदर काढलंय हो कुणीतरी!"

आयुष्यभर ज्या शाबासकीची वाट पाहिली ती अशी मिळाली. पाटीवाल्यांना रडू आलं. ते लपवायला त्यांनी उठून पंखा लावला.

बाहेर आल्यावर त्यांची बायको पुढे झाली, "या माझ्या मागून" म्हणाली, आणि दोन वळणांत सगळे मनोऱ्यासमोर उभे होते.

"आई, तुला रस्ता माहीत होता?"

"रोज दळण, भाजी, औषधं कोण आणतं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"ह्यांना सांगायचं? लग्नानंतर एकदा सांगून पाहिलं होतं," ती म्हणाली.

"मी कुणालाही वाट विचारली नाही!" पाटीवाल्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "पैज मीच जिंकलो!"

"बाबा, तुम्ही जिवंत माणसाला मेणाचा म्हणालात," मुलगा थकून म्हणाला. "आई, तुमचं दोघांचं सामान कधी बांधायचं?"

"दोघांचं कशाला? ह्यांना न्या," ती म्हणाली. "मी इथेच राहते. मला घर सापडतं."

पाटीवाल्यांना वाटलं, ती हसेल. ती चप्पल झटकत होती. त्यांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मनोऱ्याकडेही पाहिलं. कुणीच मध्ये पडलं नाही.

रविवारी बॅग भरली. एकच. निदान तिच्यावर नाव-पत्ता तरी आपल्या हातचा असावा म्हणून पाटीवाले ब्रश शोधू लागले, तर बायकोनं बॅग हळूच सुनेकडे सरकवली.

"तू लिही गं," ती म्हणाली. "बॅग पोचायला हवी."