तांबड्या रंगाचं घर

माझी बायको बयाबाई वारली, त्याच आठवड्यात आमच्या गावाचं नियोजन सुरू झालं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. तो पुढे कागदोपत्री लावण्यात आला.

आमचं गाव शिरूर आणि दौंडच्या मधोमध आहे. शिरूरवाले म्हणतात ते दौंडकडचं, दौंडवाले म्हणतात शिरूरकडचं. अशा गावाचं पुढे काय करावं, हा प्रश्न पुण्यात नगर नियोजनाचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या हर्षदाला तिच्या सरांनी प्रबंधासाठी दिला. १९९८ सालच्या मार्चमध्ये ती वही, टेप आणि छत्री घेऊन आली आणि आमच्या घरासमोरच्या कडुलिंबाखाली दहा दिवस बसली. कुठल्या घरात दिवसाला किती माणसं येतात ते मोजायचं आणि त्यावरून नकाशात त्या घराला रंग द्यायचा, हे तिचं काम. पिवळा म्हणजे राहतं घर. तांबडा म्हणजे सार्वजनिक इमारत.

आमच्याकडे सुतक होतं. वाडवडिलांनी मेंढरं विकून शेती धरली, पण पाहुणे अजून कळपानंच येतात. दारात चपलांचा ढीग. घरात चूल पेटत नव्हती, म्हणून भावकीतल्या बाया पाट्या भरून पिठलं-भाकरी आणत. दहाव्याला ओढा कोरडा होता, म्हणून न्हावी दारातच बसला. हर्षदानं वहीत नोंद केली: ‘सामूहिक भोजन – आहे. केशकर्तनाची सोय – आहे. महिलांचे समूहगायन – रोज, सकाळ-संध्याकाळ.’

तशी ती मुलगी कामाला पक्की. तिनं शेजारी पंक्चर काढणाऱ्या अयुबला विचारून खात्री केली.

“काका, इथं रोज एवढी माणसं येतात?”

“सध्या तर रोजच येत्यात, ताई. लांबलांबून. आज सकाळी केडगावास्नं जीप भरून आली.”

का येतात, हा रकाना तिच्या फॉर्मात नव्हता. सरांनीच तो काढायला लावला होता. माणूस का येतो हे समाजशास्त्र. किती येतो हे नियोजन.

प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला. पुढच्या वर्षी तालुक्यातल्या एका कार्यालयाला सगळ्या गावांचे नकाशे वर पाठवायचे होते. आमच्या गावाचा नकाशा त्यांच्याकडे नव्हता. हर्षदाच्या प्रबंधात होता, आणि तोही रंगीत. मग मला नोटीस आली: ‘आपण समाजमंदिरात कुटुंबविरहित अवस्थेत अनधिकृत वास्तव्य करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. पंधरा दिवसांत जागा रिकामी करावी.’

नोटीस घेऊन कार्यालयात गेलो. पोपटराव नावाचे लिपिक होते.

“भाऊसाहेब, हे माझं घर हाय. तीस वर्सं ऱ्हातोय मी तिथं.”

“म्हणजे वास्तव्य कबूल करताय.”

“कबूल म्हंजी? मंग ऱ्हाऊ कुठं?”

“तो विषय वेगळ्या टेबलाचा.” मग त्यांना माझी दया आली. “आबा, समाजमंदिर कार्यक्रमाला मिळतं की! अर्ज करा.”

अर्ज केला. कार्यक्रमाचे स्वरूप: झोपणे. अपेक्षित उपस्थिती: एक. कालावधी: उरलेलं आयुष्य. तीन दिवस मंजूर झाले. ध्वनिक्षेपक लावू नये, अशी अट होती.

चौथ्या दिवशी परत गेलो, तर नियोजनकाराच्या खुर्चीत हर्षदा. पदवी मिळाल्यावर तिथंच लागली होती. तिनं माझे कागद वाचले.

“काका, म्हणजे तेव्हा तुमच्याकडे कोणी वारलं होतं?”

“माझी कारभारीण.”

“आणि ते समूहगायन?”

“रडत हुत्या, बाई.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी मनानं चांगली होती.

“मंग बदल की रंग,” मी म्हणालो.

“कसा बदलू, काका? नकाशा चुकला म्हटलं तर पदवी जाते. पदवी गेली की ही खुर्ची जाते. खुर्ची गेली तर रंग बदलणार कोण?” तिनं नियमांची फाईल चाळली. “फेरमोजणी करता येईल. सात दिवस. रोज पाचपेक्षा कमी माणसं आली पाहिजेत. मग पिवळा.”

मी अयुबला सांगितलं, गावात सांग, आठवडाभर माझ्या घरी कुणी फिरकायचं नाही. पहिल्या दिवशी एकतीस माणसं आली. का यायचं नाही, ते विचारायला. दुसऱ्या दिवशी अयुबची आई अमीरबी काठी टेकत आली.

“हरिबा, बयाच्या हातची भाकर खाल्लीया म्या. मी यीन न्हाईतर उंबऱ्यात लोळन. मला नगं म्हननारा तू कोन?”

तिला समजवायला तिच्या घरचे नऊ जण आले. तिसऱ्या दिवशी सरपंच सावळाराम पन्नास माणसं घेऊन आले. इथं कुणी येत नाही, असा त्यांना पंचनामा करायचा होता. पंचनाम्यानंतर सगळ्यांनी चहा मागितला. अयुब दारात बसून लोकांना परत पाठवत होता, त्याची नोंद ‘स्वागत कक्ष’ अशी झाली.

आठवड्याची बेरीज दोनशे बारा. एवढ्या वर्दळीला समाजमंदिर अपुरं पडतं म्हणून जागा बसथांब्यासाठी राखीव झाली. परसात ‘स्त्रिया’ आणि ‘पुरुष’ अशा दोन खोल्या बांधल्या. माणसं येऊन थांबायला लागली. गाडी तेवढी आली नाही. हर्षदानं माझ्यासाठी एक सवलत काढली: मला ‘थांबलेला प्रवासी’ म्हणून आत राहू दिलं. सवलत दरवर्षी जानेवारीत संपे. दरवर्षी मी अर्ज करी, की गाडी अजून आली नाही.

अशी आठ वर्षं गेली. पोरं रांजणगावला तीन पाळ्यांत कामाला लागली. घरोघरी टीव्ही आला, मग ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला. अमीरबी गेली. अयुबनं दुकान हायवेला नेलं. सावळारामांच्या आईचा दहावा दोन तासांत उरकला, कारण भावकीला दुसऱ्या पाळीची बस गाठायची होती. मला भेटायचं असेल तर लोक फोन करत, आणि फोन झाला की भेट झाली असं धरत.

२००७ साली पुन्हा मोजणी झाली. आठव्या दिवशी हर्षदा स्वतः जीपमधून आली. हातात शिक्क्याचा कागद होता.

“काका, अभिनंदन! सात दिवसांत शून्य. शंभर टक्के निवासी! जिंकलात तुम्ही.”

“तू आलीस की. तुला धर ना.”

“मला धरता येत नाही, काका. मी कामानं आलेय.”

चहा टाकतो म्हणालो. तिला अजून तीन गावांचे कागद वाटायचे होते.

घर माझं झालं. आता मला इथून कुणी काढू शकत नाही, कारण काढायलासुद्धा कुणीतरी यावं लागतं.

तुमच्या घराचा रंग बघायला मात्र नकाशा लागत नाही. ही गोष्ट तुम्ही इथपर्यंत वाचलीत आणि मध्ये एकदाही कुणी दार वाजवलं नाही, त्याअर्थी पिवळाच आहे. अभिनंदन.