पॅकिंग जुनं की नवं

चालेलरावांना खरं नावही होतं, पण लग्नपत्रिका आणि पगारपत्रक सोडलं तर ते फारसं कुठं वापरात आलं नाही. वीज कंपनीच्या तक्रारखिडकीत बसून बावीस वर्षं ते येईल त्याला "चालेल" म्हणत आले होते. ग्राहक म्हणाला, मीटर जास्त पळतंय, की हे म्हणणार, "चालेल, तसं लिहून द्या." मीटर तपासणारा म्हणाला, मीटर अगदी बरोबर आहे, की हे म्हणणार, "चालेल, तसं लिहून द्या." दोघंही समाधानानं घरी जात आणि मीटर आपल्या चालीनं पळत राही. अशा माणसाच्या हातात एका रविवारी दुपारी दोन पॅकिंग आली. एक जुनं, एक नवं.

त्याचं असं झालं. सासरे तीन आठवड्यांपासून मुक्कामाला होते. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चहा पिता पिता त्यांनी खाली जावयाची गाडी सुरू होताना ऐकली आणि कप बशीत ठेवला.

"टॅपेट सैल झालेत," त्यांनी वरूनच जावयाला ओरडून सांगितलं. "ऐका, टकटक येतेय. रविवारी चारची माझी रेल्वे आहे, त्याआधी करून देतो."

त्या रेल्वेनं ते कारखान्यातल्या जुन्या मंडळींच्या मेळाव्याला निघाले होते. बारा वर्षांनी सगळे भेटणार होते. बॅग त्यांनी बुधवारीच भरून ठेवली होती आणि तेव्हापासून रोज एकदा उघडून पुन्हा भरत होते.

काम तसं सरळ होतं. इंजिनावरचं झाकण काढायचं, आतल्या टॅपेटच्या फटी मोजून नीट करायच्या आणि झाकण परत लावायचं. त्या झाकणाखाली रबराची एक बारीक चौकट बसते. आतलं ऑइल ती बाहेर येऊ देत नाही. मेकॅनिक तिला पॅकिंग म्हणतात, पुस्तकं गॅस्केट म्हणतात. चालेलरावांच्या घरात तिला तीन दिवस 'तो विषय' म्हणत होते.

सुरुवात बायकोनं केली. ती ऑपरेशन थिएटरमध्ये मुख्य परिचारिका होती.

"झाकण उघडलं की पॅकिंग नवीन," ती म्हणाली.

"का? आत्ता गळतंय का कुठं?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, गळायची वाट बघायची असते का?"

"अगं, चांगलं मऊ रबर आहे. भेग नाही, चपटं झालेलं नाही. पुसायचं आणि बसवायचं."

"आमच्याकडे एकदा पाकीट फोडलं ना, की आतली वस्तू वापरली नाही तरी फेकतात."

"आणि पेशंटचं पोट? तेही दर वेळी नवीन आणता?"

यानंतर बाप-लेकीचं बोलणं बंद झालं. जे काही म्हणायचं ते दोघंही चालेलरावांना म्हणू लागले. सासऱ्यांनी त्यांना जिन्यात गाठलं. "जावईबापू, जुनंच लावायचं. काय?" चालेलराव म्हणाले, "चालेल." बायकोनं स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, मी नवीन आणलंय. तेच लावायचं. कळलं?" चालेलराव म्हणाले, "चालेल." (गाडी चालेल का, हे कुणी विचारलं नव्हतं.)

रविवारी सकाळी सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या. इंजिनावर वाकून एकेक फट अशा निगुतीनं मोजली, की शेजारपाजारचे दोघं-तिघं उगाच उभं राहून बघायला लागले. एक वाजता काम संपलं आणि त्यांची कंबर धरली.

"आता नुसतं झाकण लावायचं," कंबरेवर हात ठेवून ते म्हणाले. "दहा बोल्ट आहेत. आडवेतिडवे आवळा, सारखा दाब बसला पाहिजे. आणि उगाच जोर लावू नका." मग एकेक पायरी चढत ते अंघोळीला गेले.

चालेलराव खाली एकटेच उरले. वरून खिडकीतून बायको ओरडली, "नवीन पॅकिंग पुढच्या सीटवर ठेवलंय हो!" थोड्या वेळानं न्हाणीघराच्या झरोक्यातून आवाज आला, "जुनं पुसून ठेवलंय, बॅटरीवर!"

त्यांनी जुनं घेतलं. मग ते ठेवून नवं घेतलं. जुनं लावावं तर बायको विचारणार, नवं लावावं तर सासरे विचारणार. बावीस वर्षांत त्यांनी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं, आणि इथं घरातल्याच एकाला म्हणायची वेळ आली होती. दहा मिनिटं ते दोन्ही हातांत दोन रबरी चौकटी धरून उभे होते. सकाळच्या बघ्यांतला एक शेजारी आता खुर्ची घेऊन परत आला होता.

आणि मग त्यांचा चेहरा उजळला. थंडीत माणूस दोन स्वेटर घालतोच की! त्यांनी खाली जुनं बसवलं, वर नवं बसवलं आणि त्यावर झाकण ठेवलं. झाकण जरा उचललेलं राहिलं, जाड उशीवर बसलेल्या माणसासारखं. बोल्टही पुरेना. सासऱ्यांनी जोर लावू नका म्हटलं होतं खरं, पण पान्याच्या दांड्याला लोखंडी नळीचा तुकडा लावून तो लांब केल्यावर जोर आपला नसतो, नळीचा असतो, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"लावलंत ना माझं?" जेवताना बायकोनं हळूच विचारलं.

"हो."

"आपलंच लावलंत ना?" हात धुताना सासऱ्यांनी कानाशी येऊन विचारलं.

"हो."

यात तसं एकही वाक्य खोटं नव्हतं.

तीन वाजता तिघं निघाले. इंजिन असं शांत चाललं होतं, की सासरे मागच्या सीटवर डोळे मिटून ऐकत बसले. "जावईबापू, हात बरा आहे तुमचा," ते म्हणाले. अकरा वर्षांतली ही पहिली शाबासकी. चालेलरावांनी आरसा उगाच सरळ केला.

"नव्या पॅकिंगचा गुण आहे," बायको म्हणाली.

"कुठलं नवं? जुनं लावलंय त्यांनी."

"मला तर नवीन लावलं म्हणाले."

"मला जुनं म्हणाले."

दोघांनी एकदमच चालेलरावांकडे पाहिलं. त्याच क्षणी बोनेटच्या कडेनं धूर यायला लागला. खरं सांगायचं तर चालेलरावांना सुटल्यासारखं वाटलं.

नशिबानं पन्नास पावलांवर एक गॅरेज होतं. मालकीणबाई साठीच्या असतील, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. गाडी ढकलत आत नेली. सगळं इंजिन ऑइलनं न्हालं होतं आणि तापल्या नळीवर पडून ते जळत होतं. बाईंनी इंजिन निवू दिलं, झाकण उचललं आणि चष्मा लावला.

मग त्यांनी दोन बोटांनी ती दोन पॅकिंग उचलली. एकमेकांना चिकटून, पिळवटून, एका बाजूनं बाहेर सटकलेली.

"ही कुणाची कल्पना?"

"माझं जुनं होतं," सासरे म्हणाले.

"माझं नवीन होतं," बायको म्हणाली.

"आणि माझं... दोन्ही," चालेलराव म्हणाले.

सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं बापाकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच ती त्यांच्याशी सरळ बोलली. "बाबा, चला. टॅक्सी बघते. रेल्वेला अजून अर्धा तास आहे."

"चल बाई," सासरे म्हणाले. "यांच्या नादी लागलो तर मेळावा चुकेल." आणि तिच्या खांद्यावर हात टाकून लंगडत निघून गेले.

चालेलराव एका उलट्या बादलीवर बसले. बाईंनी सगळं पुसलं, कपाटातून तिसरंच पॅकिंग काढून बसवलं आणि हलक्या हातानं बोल्ट आवळले.

"बाई, एक विचारू?" चालेलराव शेवटी म्हणाले. "खरं बरोबर कुणाचं होतं? जुनं चाललं असतं की नवं?"

बाईंनी हात पुसले. "कुठलंही एक चाललं असतं."

दोन दिवसांनी सासऱ्यांचा फोन आला. चालेलरावांनी घाबरतच उचलला. पण सासरे खुशीत होते. मेळावा झकास झाला म्हणाले. गप्पांत त्यांनी पॅकिंगची हकीकत सांगितली, तर म्हातारे हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. तीन वेळा सांगायला लावली.

"तर जावईबापू, पुढच्या वर्षी तुम्हाला आग्रहाचं बोलावणं आहे."

चालेलराव मोहरले. "मला? पण बाबा, मला भाषण वगैरे जमणार नाही हं."

"छे छे, भाषण कसलं," सासरे म्हणाले. "असा माणूस असतो यावर त्यांचा विश्वास बसत नाहीये. नुसतं दाखवायचं आहे."