धोपटण्याची सर्व्हिस

अव्वल तालुकदारसाहेबांनी, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांनी, कचेरीत सहज विचारलं, "टेनिस किसको आता है?" आणि कारकुनी करणाऱ्या केशवराव अहलकारांनी तितक्याच सहज हात वर केला. हात वर करायला काय लागतं? पुढचं सगळं त्या हातात काहीतरी धरायची वेळ आल्यावर सुरू झालं.

साहेबांबरोबर रोज खेळणारे डॉक्टर रजेवर गेले होते. शुक्रवारी, जुम्म्याच्या सुट्टीला सकाळी, केशवरावांनी त्यांच्या जागी उभं राहायचं ठरलं.

"तुम्ही टेनिस खेळलायत?" घरी आल्यावर भानुमतीनं विचारलं.

"बघितलंय," केशवराव म्हणाले. "छावणीच्या कुंपणातून. बारकाईनं."

भानुमतीच्या लग्नाला सहा महिने झाले होते. तेवढ्यात ती एक शिकली होती : नवऱ्यानं 'बारकाईनं' म्हटलं की आपण पदर खोचून तयार राहावं. पण या वेळी तिनं तोंड उघडलं नाही, कारण बदल्यांची यादी निघायची होती आणि केशवरावांचं नाव कन्नड गावासाठी घेतलं जात होतं. कन्नडला केशवरावांच्या आवडाबाई आत्या होत्या. जळणाची लाकडंसुद्धा धुऊन चुलीत घालणाऱ्या. तिथं राहायचं म्हणजे त्यांच्याच घरी. औरंगाबादेतल्या औरंगपुऱ्यातल्या या दोन खोल्या, आपल्या हातानं मांडलेली चूल आणि भिंतीपलीकडची जोहरा, सगळं सुटणार. साहेब खेळावर खूश झाले, तरच नाव गळण्याची आशा.

केशवरावांनी कुठूनसं एक उर्दू मासिक पैदा केलं. त्यात टिल्डन या अमेरिकन खेळाडूच्या सर्व्हिसची सहा छायाचित्रं एका ओळीत छापली होती.

"हा टिल्डन म्हणजे तोफेचा गोळा," जेवताना केशवराव सांगत. "व्हाइन्स काडीसारखा, पण चेंडू असा सपाट मारतो की दिसतच नाही. कोशेची सर्व्हिस मात्र बेताची. तो पुढच्या खेळावर निभावून नेतो."

"मग तुम्ही कोशेची घ्या ना," भानुमती भात वाढत म्हणाली.

"छे! साहेबांपुढं? टिल्डनच!"

रॅकेट नव्हती म्हणून धुण्याचं धोपटणं घेतलं. चेंडूऐवजी लिंबं. तिसऱ्या प्रहरी अंगणात सराव सुरू झाला, आणि भानुमती तांदूळ निवडायचे विसरली.

केशवराव आधी खाली वाकत, धोपटणं डाव्या पायाशी नेत. मग एकदम उसळून ते डोक्यावर फिरवत. मग त्यानं पाठ खाजवल्यासारखं करत. मग लिंबू वर फेकत. आणि शेवटी दोन्ही हात छातीशी जुळवून, लिंबू डोक्यात पडेपर्यंत, अत्यंत नम्रपणे उभे राहत.

भिंतीवरून जोहराचं डोकं वर आलं. "भानू, ये क्या करते गे तेरे मियां? कुश्ती बी नै, कसरत बी नै!"

"टेनिस आहे," भानुमती म्हणाली.

"या अल्ला," जोहरा म्हणाली आणि नीट बघता यावं म्हणून पायाखाली घ्यायला पाट घेऊन आली.

तीन दिवस असंच चाललं. लिंबं फुटून संपली तेव्हा केशवरावांनी कवठ घेतलं. कवठ वर गेलं, केशवराव नम्रपणे उभे राहिले, आणि कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलं.

भानुमती हळद लावत होती. मासिक मांडीशी उघडंच पडलं होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "अहो, ही चित्रं डावीकडून बघितली तर?"

"उर्दू उजवीकडून वाचतात," केशवराव कण्हत म्हणाले. "आठ वर्षं उर्दू दफ्तरात काढलीत मी."

"मजकूर उर्दू आहे. पण हा माणूस अमेरिकेचा आहे ना?"

केशवरावांनी मासिकाकडं पाहिलं. टेंगूळ चाचपलं. उठले, सरळ उभे राहिले, कवठ वर फेकलं आणि धोपटणं हाणलं. कवठ भिंतीपलीकडं गेलं आणि जोहराची घागर फुटल्याचा आवाज आला.

"जम्या, जम्या!" जमलं म्हणून पलीकडून जोहराच ओरडली.

त्या दिवसापासून भानुमतीच्या चालण्यात फरक पडला. डावीकडून बघायचं कुणाला सुचलं? अहलकारांना नाही. चौथी शिकलेल्या बायकोला.

शुक्रवारी केशवराव घामेजून परत आले. पहिली सर्व्हिस झुडपात गेली होती. दुसरीनं साहेबांच्या रूमी टोपीचा गोंडा उडवला होता.

"मग? साहेब काय म्हणाले?"

"'माशाअल्ला' म्हणाले. खेळ थांबवून चहा घेतला. आणि माझं नाव विचारलं. बापाच्या नावासकट, पूर्ण!" केशवरावांची छाती फुगली होती.

आता वाट बघायची ती हुकमाची. हुकूम आला तर निदान गाव तरी ओळखू यावं, म्हणून जोहरानं कोळशानं भिंतीवर उर्दूत दोन शब्द काढून दिले. औरंगाबाद मालगाडीसारखं लांब. कन्नड आखूड, दोन फटकाऱ्यांचं. भानुमतीनं ते पोळ्या लाटतालाटता पाठ केले.

मंगळवारी संध्याकाळी चपराशी कागद देऊन गेला. केशवराव गुलमंडीवर भाजी आणायला गेले होते आणि जोहरा लासूर स्टेशनला बहिणीकडं. भानुमतीनं कागद उजेडात धरला, सवयीनं डावीकडून बोट ठेवलं. आधी आखूड शब्द लागला, मग मालगाडी. आधी कन्नड, शेवटी औरंगाबाद! म्हणजे कन्नडवरून गाडी फिरली आणि औरंगाबादेत येऊन थांबली.

दिवाळीसाठी राखलेलं तूप तिनं सगळं शिऱ्यात ओतलं. जोहराची वाटी झाकून ठेवली.

केशवरावांनी दोनदा शिरा घेतला, बोटं चाटली, हात धुतले आणि मग कागद उघडला. बराच वेळ ते वाचत राहिले. ओळ तर एकच होती.

"भानू," ते शेवटी म्हणाले, "हे उजवीकडून वाचायचं असतं."

भानुमतीची नजर जोहराच्या झाकलेल्या वाटीवर गेली.

"मजकूर उर्दू आहे," केशवराव हळूच म्हणाले, "आणि साहेब काही अमेरिकेचे नाहीत."